हरणाऱ्यांचे चेहरे

खोली बघायला गेलो तेव्हा काकूंनी माझं नाव, गाव, कंपनी यातलं काहीच विचारलं नाही. सोफ्यावर बसवलं, टीव्ही लावला आणि म्हणाल्या, "तीन मिनिटं आहेत. नीट बघ, मग बोलू."

जुनं कृष्णधवल चित्र होतं. फरचा कोट घातलेली एक बाई टेलिफोनवर कुणाशी तरी बोलत होती. आवाज बंद ठेवला होता. बाई हसली, केसांवरून हात फिरवला, काहीतरी बोलली आणि तिनं फोन ठेवला. काकूंनी तिथंच चित्र थांबवलं.

"खरं बोलत होती की खोटं?"

"आवाज नव्हता ना, काकू."

"आवाज असता तर विचारलं कशाला असतं?"

मला फक्त खोली हवी होती. मी अंदाजानं म्हटलं, "खोटं."

"कशावरून?"

"फोन ठेवल्यावर तिनं हात काढला नाही. तसाच राहिला फोनवर."

काकूंनी पहिल्यांदा माझ्याकडे नीट पाहिलं. "किल्ली स्वयंपाकघरात खिळ्याला आहे. ये-जा मागच्या दारानं करायची. मासे शिजवलेस तर मला वाटीभर आणून द्यायचे."

आयसेलिनमध्ये, ओक ट्री रोडवरच्या साड्यांच्या दुकानांपासून चालत दहा मिनिटांवर ते घर होतं. त्याच्या बेसमेंटमध्ये मी पाच वर्षं राहिलो. व्हिसा मिळून नुकताच पुण्याहून अमेरिकेत आलो होतो. सहा महिन्यांत दुसरी जागा बघू, असं ठरवलं होतं. पाच वर्षं कशी झाली ते आता सांगता येत नाही.

काकू तेव्हा सत्तरीच्या जवळपास होत्या. काका जाऊन दोन वर्षं झाली होती. सत्तरच्या दशकात काकांबरोबर त्या इकडे आल्या. काका एका केमिकल प्लांटमध्ये इंजिनिअर होते. सकाळी सातला जायचे ते संध्याकाळी सातला यायचे. काकूंना गाडी येत नव्हती आणि इंग्रजी कॉलेजात लिहिण्यापुरतंच येत होतं. दुपारी टीव्हीवर जुने हॉलिवूडचे सिनेमे लागायचे. "भाषा कळायची नाही," त्या म्हणायच्या, "म्हणून चेहरे वाचायला लागले. दुसरं वाचायला होतं काय?"

त्यातूनच ती सवय लागली होती. कुठलाही सिनेमा त्या आधी मुका बघायच्या आणि मग दुसऱ्या दिवशी आवाजासकट. दोन्ही वेळा मत एकच झालं तर नट चांगला. मुक्यात एक आणि आवाजात दुसरंच काही वाटलं तर म्हणायच्या, "हा नुसता बोलतोय. याला रेडिओवर पाठवा."

नटनट्यांची नावं त्या घेत नसत. "ती नावं त्यांची कुठं आहेत? स्टुडिओवाल्यांनी चिकटवलेली. माझंही लग्नात बदललं. कुणी माहेरच्या नावानं हाक मारली तर मी आता वळूनसुद्धा बघणार नाही." मग त्यांनी आपल्या मनानं नावं ठेवली होती. एक होती भुवई. एक होता खळीवाला. एक जाड आवाजाची बाई होती, तिला सुपारी म्हणायच्या, कारण बोलताना तिच्या गालात सुपारी ठेवल्यासारखी वाटायची. महिन्याभरात मीही "आज सुपारीचा आहे का?" असं विचारायला लागलो. ऑफिसात कुणी जुन्या नट्यांची खरी नावं घेतली की मला ती परक्या माणसांची वाटायची.

त्यांची सगळ्यांत लाडकी नटी मात्र मोठी कुणी नव्हती. तिला त्या मोलकरीण म्हणायच्या, कारण उभ्या जन्मात तिला दुसरी भूमिका मिळाली नव्हती. एका सिनेमात तिला साडेतीन मिनिटं आहेत. मोठ्या घरात जेवणाचं टेबल मांडत असते. मालकीण येऊन सांगते, तुझा मुलगा लढाईत गेला. ती "येस मॅडम" म्हणते आणि काटे मांडत राहते. सगळे काटे सरळ रेषेत, एक मात्र तिरका. त्या तिरक्या काट्याकडे तीही बघत नाही, मालकीणही बघत नाही. या कामासाठी तिला नामांकन मिळालं होतं. बक्षीस नेलं भुवईनं.

"आणि भुवईचं त्या वर्षीचं काम सुमार होतं," काकू सांगायच्या. सांगताना दर वेळी त्यांचा आवाज चढायचा. "खरं काम आदल्या वर्षीचं होतं. आदल्या वर्षी दिलं नाही, त्याची यांना लाज वाटली, म्हणून या वर्षी तो बाहुला दिला. आणि बाहुला गेला कुणाचा? मोलकरणीचा." सोन्याच्या त्या पुतळ्याला त्या बाहुला म्हणायच्या. कुठल्या वर्षी तो कुणाला चुकून गेला आणि खरा कुणाचा होता, हे त्यांना तोंडपाठ होतं. वाण्याकडे कोथिंबीर निवडतानाही सांगायच्या. गल्ल्यावरचा गुजराती माणूस मान डोलवायचा आणि पिशवी भरायचा.

दरवर्षी तो बक्षीस समारंभ असायचा त्या दिवशी काकू लवकर झोपायच्या. सकाळी उठून निकाल वाचायच्या आणि दुपारी मोरपंखी काठाची साडी नेसून रेकॉर्ड केलेला समारंभ बघायला बसायच्या. पहिल्या वर्षी मला हे उलटंच वाटलं. मी म्हटलं, "निकाल कळल्यावर मजा काय राहिली?"

"निकालाची घाई असेल त्यानं आदल्या दिवशी बघावं. आपल्याला चेहरे बघायचेत."

"जिंकणाऱ्यांचे?"

"जिंकणाऱ्याच्या चेहऱ्यात काय ठेवलंय? बाकीच्या चौघी बघ. पडद्यावर पाच चौकोन येतात ना? नाव पुकारल्यावर फक्त दोन सेकंद. त्या दोन सेकंदांत त्या चौघींना आयुष्यातलं सगळ्यांत अवघड काम करायचं असतं, आणि त्याला बक्षीस नाही." मग रिमोटनं मागे नेऊन त्या ते दोन सेकंद दहादा बघायच्या. "ही बघ, आधीच हसून बसलीय. हिला माहीत होतं. ही टाळ्या वाजवतेय, पण हात एकमेकांना लागतच नाहीयेत. आणि ही, हिनं श्वास घेतला आणि सोडलाच नाही." बघता बघता त्यांचे डोळे भरायचे. स्वतःचं दुःख सांगताना मी त्यांना कधी तसं पाहिलं नाही.

पुढे इंग्रजी जमायला लागल्यावर काकूंनी तीस वर्षं एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये रक्त काढायचं काम केलं. सुई टोचताना लोक दुसरीकडे बघतात आणि काकू त्यांच्याकडे बघायच्या. "कोण घाबरलाय, कोण घाबरल्याचं दाखवतोय आणि कुणाला आधीच कळलंय की रिपोर्ट वाईट येणार, ते मला डॉक्टरच्या आधी कळायचं. सांगायची सोय नव्हती."

बाहेर मात्र त्या सगळं सांगून टाकायच्या. मंडळाच्या गणपतीत नाटक झालं की आत जाऊन नायकाला म्हणायच्या, "मेल्यावर तू तीनदा श्वास घेतलास." कुणाच्या साखरपुड्यात मुलीच्या आईच्या कानाशी लागायच्या, "मुलगी खूश नाही हो." लोकांनी हळूहळू त्यांना बोलावणं कमी केलं. काकूंना ते कळत होतं. आमंत्रण आलं नाही की त्या दिवशी त्या दोन सिनेमे बघायच्या.

त्यांचा एकुलता मुलगा टेक्ससमध्ये अर्विंगला असतो, एवढं मला माहीत होतं. तो कधी आला नाही. फोनही नाही. हॉलमध्ये त्याचा शाळेतला फोटो होता, पुढचा एक दात पडलेला. एकदा समोरच्या मावशींनी मला बाहेर गाठून सांगितलं, "अरे, नवऱ्याच्या फ्युनरलला बाई रडली नाही, ते सोड. मुलगा उभा राहून बोलला, बिचारा रडला दोनदा. नंतर सगळे जेवणाच्या रांगेत उभे असताना ही त्याला म्हणते, पहिल्यांदा रडलास ते खरं होतं, दुसऱ्यांदा रडलास ते लोकांसाठी. त्याच्या बायकोसमोर! तो प्लेट तिथंच ठेवून गेला. दगड आहे बाई."

मी काकूंना त्याबद्दल विचारलं नाही. पण त्यानंतर काही महिने त्यांच्याबरोबर टीव्हीसमोर बसताना मी थोडा लांब बसायचो.

चौथ्या वर्षी काकूंची नजर गेली. सगळी नाही. डोळ्याच्या पडद्याचा आजार होता. कडेचं दिसायचं, मधलं दिसेना. दार, जिना, भांडी, अंगणातली खार, सगळं त्यांना दिसायचं. ज्याच्याकडे सरळ बघावं तेवढंच जायचं. डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा मी बरोबर होतो. काकूंनी त्यांच्याकडे बघत म्हटलं, "म्हणजे कान दिसतात, नाक नाही." डॉक्टर हसले. काकू हसल्या नाहीत. गाडीत बसल्यावर म्हणाल्या, "चांगला माणूस होता का रे? मला त्याचा टायच दिसत होता."

घरी आल्यावर टीव्ही चार दिवस बंद होता. पाचव्या दिवशी बेसमेंटच्या जिन्यावरून हाक आली. "वर ये. मोलकरणीचा लावलाय. तू बघ आणि मला सांग."

मला ते जमायचं नाही. मी सॉफ्टवेअर टेस्टिंग करणारा माणूस. मी सांगायचो, "आता ती दुःखी झाली."

"दुःखी म्हणजे काय? चेहऱ्यानं काय केलं ते सांग. दुःखी आहे की नाही ते माझं मी ठरवीन."

"ओठ मिटले."

"दाबून मिटले की नुसते?"

"नुसते."

"हां. आता बोललास."

अशी आमची संध्याकाळची शाळा सुरू झाली. ऑफिसातून आलो की तासभर वर जायचो. वर्षभरात मला पापण्या, नाकपुड्या, गळ्याची शीर, सगळं दिसायला लागलं. मीटिंगमध्ये मॅनेजर "वुई आर अ फॅमिली" म्हणाला तेव्हा तो कुणाला तरी नोकरीवरून काढणार आहे, ते मला त्याच्या हनुवटीवरून कळलं. त्यानं त्याच महिन्यात दोघांना काढलं.

त्या वर्षीचा समारंभही मीच त्यांना सांगितला. काकू साडी नेसून बसल्या होत्या, निऱ्या एका बाजूला सरकल्या होत्या. साहाय्यक नटीचं बक्षीस आलं. मी एकेक चौकोन सांगत गेलो. तिसऱ्या चौकोनात साठीची एक बाई होती. मी म्हटलं, "हिनं काहीच केलं नाही, काकू. नाव पुकारल्यावर नुसतं शेजारच्या मुलाकडे बघितलं. तिचाच मुलगा असावा. तो रडतोय."

"मुलगा रडतोय?"

"हो. आणि तिनं तोंड फिरवलं."

काकूंनी हात पुढे करून रिमोट मागितला आणि टीव्ही बंद केला. मग म्हणाल्या, "माझ्या मुलाची गोष्ट तुला समोरच्या बाईनं सांगितली असेल."

मी मान हलवली.

"दुसऱ्यांदा रडला ना, तेही खरंच होतं रे. इतकं खरं की मला बघवेना. चाळिशीचा बाप्या, पण त्या क्षणी मला तो पाच वर्षांचा दिसला. पुढं होऊन जवळ घ्यायला हवं होतं. पाय उचलेनात. आणि मग रांगेत तो माझ्याकडे आला, तेव्हा तोंडाला येईल ते बोलले. जन्मभर लोकांच्या चेहऱ्यांवर बोलत आले, तेच तोंडात आलं."

"त्याला फोन करा, काकू. आत्ता. मी लावून देतो."

"फोनवर नको. माझं बोलणं त्यानं ऐकलेलं आहे. समोर असला तर माझा चेहरा तरी बघेल." थोड्या वेळानं म्हणाल्या, "आणि तू मध्ये पडू नकोस. हे कुणाला सांगायचं नाही. शपथ घे."

मी शपथ घेतली. पण त्याच आठवड्यात काकूंच्या डायरीतून मुलाचा नंबर शोधून मी त्याला फोन केला. मी कोण ते सांगितलं. काकूंच्या डोळ्यांचं सांगितलं आणि म्हटलं, "एकदा येऊन जा. त्यांना तुमच्याशी बोलायचंय."

"तिनं सांगितलं तुम्हाला कॉल करायला?"

"नाही."

"शी हॅज माय नंबर," तो म्हणाला. आवाज शांत होता. "तुम्ही तिची काळजी घेता, थँक यू. रिअली." आणि त्यानं फोन ठेवला.

त्या वेळी मी एक वाक्य पुढे बोललो असतो तर झालं असतं. शपथ होती म्हणून बोललो नाही, अशी मी स्वतःची समजूत घालत आलो. खरं म्हणजे त्याचा तो शांत आवाज ऐकून मी घाबरलो होतो.

पुढच्या उन्हाळ्यात काकू गॅरेजची शेवटची पायरी चुकल्या आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशनच्या आधी हॉस्पिटलनं मुलाला कळवलं. तो दुसऱ्या दिवशी दुपारी आला. खोलीच्या दारात उभा राहिला, हातात लॅपटॉपची बॅग. पन्नाशीला आलेला, पुढून टक्कल पडलेलं, खांदे काकांसारखे. फोटोतला मुलगा त्याच्यात मला कुठं सापडला नाही.

"आई," तो म्हणाला.

काकूंनी मान थोडी वळवली. कडेच्या नजरेनं माणूस बघायची त्यांची तशी पद्धत झाली होती. त्यांना त्याचा शर्ट दिसला असेल. त्या त्याच्याशी बोलल्या नाहीत, माझ्याकडे वळल्या. "कसा आहे रे त्याचा चेहरा?"

मी त्याच्याकडे पाहिलं. सवयीनं सगळं दिसलं. जबडा आवळलेला होता आणि उजव्या डोळ्याखालची शीर उडत होती. ते मला सांगता येईना. "थकलेत," मी म्हटलं.

"एवढंच?"

"स्टिल रिव्ह्यूइंग, आई?" तो म्हणाला.

काकूंचा पांघरुणावरचा हात उचलला गेला आणि परत खाली आला. "नाही रे," त्या म्हणाल्या. "तुझ्या बाबांच्या वेळी मी तुला जे..."

"नॉट नाऊ, प्लीज. डॉक्टर येतायत."

डॉक्टर खरंच येत होते. मग किती दिवस ठेवायचं, व्यायाम कुठं करून घ्यायचा, जिना असलेल्या घरात एकटं राहणं आता शक्य नाही, या गोष्टी झाल्या. तासाभरात ठरलं की काकूंनी अर्विंगला जायचं. काकूंना कुणी विचारलं नाही, आणि त्यांनीही कुणाला अडवलं नाही.

घर विकायला काढलं. मला दोन महिन्यांची मुदत मिळाली. जाताना काकूंनी मला काही दिलं नाही, आशीर्वादाचं काही बोलल्या नाहीत. एअरपोर्टच्या व्हीलचेअरवर बसून म्हणाल्या, "तुझ्या चेहऱ्यावर आत्ता काय चाललंय ते मला दिसत नाही, ते बरंच आहे."

तिथून त्या रविवारी फोन करायच्या. मुलानं त्यांच्या खोलीत टीव्ही लावून दिला होता. जुने सिनेमे ऐकतात, म्हणाल्या. नाती शाळेतून येऊन "हाय आजी" म्हणून वर पळतात. सून चांगली आहे, औषधं वेळेवर देते.

"आणि तो?"

"रोज संध्याकाळी येऊन बसतो. दहा मिनिटं. तो टीव्हीकडे बघतो, मी त्याच्या दिशेनं बघते."

"बोललात का काकू?"

"बोलेन. जरा निवांत असेल असा दिवस बघतेय."

मी दर रविवारी विचारायचो. नंतर विचारणं सोडलं, कारण विचारलं की त्या दुसरं काहीतरी सांगायला लागायच्या. आठ महिने गेले. फेब्रुवारीत न्यूमोनिया झाला आणि चार दिवसांत सगळं संपलं. मुलानं मला टेक्स्ट केला. वेळ, पत्ता, आणि खाली, "शी वुड हॅव वॉन्टेड यू देअर."

डॅलसच्या विमानतळावर उतरून थेट त्या पत्त्यावर गेलो. पंचवीसेक माणसं होती, बहुतेक मुलाच्या ऑफिसातली. मुलगा बोलायला उभा राहिला. खिशातून कागद काढला आणि वाचला. आई कुठल्या साली आली, कुठं काम केलं, किती वर्षं केलं, दोन नाती. मान एकदाही वर केली नाही, आवाज एकदाही हलला नाही. तीन मिनिटांत कागद घडी करून खिशात ठेवला आणि जाऊन पहिल्या रांगेत बसला. त्याच्या बायकोनं त्याच्या पाठीवर हात ठेवला, तर त्यानं तो हळूच बाजूला केला.

जेवण शेजारच्या हॉलमध्ये होतं. मी परतीच्या फ्लाइटचं निमित्त सांगून बाहेर पडलो. पार्किंगमध्ये तो माझ्या मागं आला.

"एक विचारायचं होतं," तो म्हणाला. "तेव्हा हॉस्पिटलमध्ये तिनं काहीतरी सुरू केलं होतं. मी कट केलं. मला वाटलं, नंतर बोलेल. रोज जाऊन बसायचो मी, म्हटलं आज बोलेल. डू यू नो काय होतं ते?"

शपथ आठवली. आणि अर्धवट राहिलेला तो फोनही आठवला. मी सांगितलं. काकू जसं बोलल्या होत्या तसंच, पाय उचलेनात इथपर्यंत सगळं.

तो गाडीला टेकून ऐकत होता. मग म्हणाला, "परत सांगाल? मराठीतच. तिनं सांगितलं तसं."

मी परत सांगितलं.

"पाच वर्षांचा?" त्यानं विचारलं.

"हो. पाच वर्षांचा, म्हणाल्या."

हॉलच्या दारातून त्याच्या बायकोनं त्याला हाक मारली. थोड्या वेळानं पुन्हा मारली. आत लोक त्याच्यासाठी जेवायचे थांबले होते. तो गेला नाही, आणि मीही त्याला जा म्हटलं नाही.